युक्रेनचा ‘पोक्रोवा’ सण

युक्रेन देशाच्या पूर्व भागांत, कोळशाच्या खाणींच्या मुलखांत, पोक्रोव्स्क नांवाचें एक शहर आहे. सोव्हिएट राजवटींत त्याला क्रास्नोआर्मीस्क, म्हणजे तांबड्या सेनेचें शहर, असें नांव देण्यांत आलें होतें. २०१६ सालीं तें काढून पोक्रोव्स्क हें नांव ठेवण्यांत आलें. २०२४ पासून या शहराभोवतीं जें घनघोर युद्ध माजलें, त्यामुळें हें नांव जगभरच्या वर्तमानपत्रांतून झळकूं लागलें. परंतु त्या नांवांत ज्या सणाची आठवण सांठविलेली आहे, त्या ‘पोक्रोवा’ सणाची माहिती त्या देशाबाहेर फारच थोड्यांना असते.

‘पोक्रोव’ या शब्दाचा मूळ अर्थ झांकणारें वस्त्र, पांघरूण, असा आहे. आणि त्यावरूनच आश्रय, रक्षण, हा दुसरा अर्थ निघाला. मराठींतील ‘पदर’ या एका शब्दांत वस्त्रहि येतें आणि मायाहि येते. ‘पदराखालीं घेणें’ म्हटलें कीं कोणा निराधाराला आधार मिळाला असें समजतें. या स्लाव्ह शब्दाचाहि कांहींसा तसाच प्रकार आहे. सण आहे देवमाता मरिया हिच्या शिरोवस्त्राचा. परंतु युक्रेनच्या खेडुतानें या एका शब्दाच्या धाग्यांत किती तरी गोष्टी ओंविल्या आहेत. शेतावर पडणारें बर्फाचें पांघरूण, नववधूच्या डोक्याला बांधला जाणारा रुमाल, रणांगणावर जाणाऱ्या वीरावर धरलेलें छत्र, आणि ज्या अभागिनीला असें कोणतेंच छत्र लाभलें नाहीं तिला समाजानें ठेवलेलें नांव, हीं सारीं त्याच एका शब्दाचीं लेकरें आहेत. पांघरूण कोणावर पडलें आणि उघड्यावर कोण राहिलें, हा प्रश्न या सणाच्या इतिहासांत वारंवार उभा राहतो.

सणाचा उगम युक्रेनमध्यें झालेला नाहीं. त्यासाठीं कॉन्स्टँटिनोपलकडे, म्हणजे आजच्या इस्तंबूलकडे, वळलें पाहिजे. त्या राजधानीच्या वायव्य कोपऱ्यांत, तटाजवळ, ब्लाखेर्नी नांवाची वस्ती होती. आणि तेथें पांचव्या शतकांत देवमातेचें एक मोठें मंदिर उभें राहिलें. मरियेचें म्हणून मानलेलें वस्त्र त्याच शतकांत पॅलेस्टाइनमधून आणून त्या मंदिरांत ठेवण्यांत आलें होतें. शहरावर संकट आलें कीं लोकांचे पाय आपोआप या मंदिराकडे वळत.

या मंदिरांत घडलेल्या दर्शनाची हकीकत अंद्रेय नांवाच्या एका साधूच्या चरित्रांत आलेली आहे. हें चरित्र दहाव्या शतकाच्या सुमाराचें असून तें नीकेफोरस नांवाच्या धर्मोपदेशकाच्या नांवावर मोडतें. अंद्रेय हा ‘ख्रिस्तासाठीं वेडे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधूंपैकीं एक. या साधूंनीं लोकांत वेड्यासारखें वागावें, थट्टा, शिव्या आणि मार सोसावा, आणि रात्रीं त्याच लोकांसाठीं प्रार्थना करावी, अशी रीत होती. चरित्रकारानें त्याला सिथियन वंशाचा एक विकत घेतलेला गुलाम म्हटलें आहे. स्लाव्ह भाषांतरांत तो स्लाव्ह झाला. राजधानीच्या रस्त्यावर मार खाणारा तो परदेशी गुलाम आपलाच होता, असें पुढें स्लाव्ह लोकांना वाटूं लागलें, त्याचें मूळ या भाषांतरांत आहे.

एके रात्रीं ब्लाखेर्नीच्या मंदिरांत जागरणाची प्रार्थना चालू होती. रात्रीच्या चौथ्या तासाला अंद्रेयानें वर पाहिलें, तों देवमाता संतांच्या परिवारासह आंत येत आहे; बाप्तिस्मा देणारा योहान आणि शुभवर्तमान लिहिणारा योहान हे तिच्या दोन्ही बाजूंना आहेत. तिनें गुडघे टेंकले आणि अश्रू ढाळीत बराच वेळ प्रार्थना केली. मग वेदीजवळ येऊन तिनें आपल्या मस्तकावरचें विजेसारखें तळपणारें वस्त्र काढलें आणि जमलेल्या सर्व लोकांवर तें आपल्या हातांनीं पसरून धरलें. अंद्रेयाचा शिष्य एपिफानियस शेजारींच उभा होता. तुलाहि हें दिसतें आहे काय, असें अंद्रेयानें त्याला विचारलें; आणि त्यालाहि तें दिसत होतें. बाकीचा सारा जमाव आपल्या डोक्यावर काय पसरलें आहे याची दाद नसतां प्रार्थना करीत राहिला. देवमाता निघून गेली तेव्हां वस्त्रहि दिसेनासें झालें. मूळ चरित्रांत या प्रसंगाला साल दिलेलें नाहीं आणि शत्रूच्या वेढ्याचाहि उल्लेख नाहीं. परंपरेनें दहाव्या शतकाचा आरंभ ठरविला आणि वेढ्याची गोष्ट मागाहून त्याला जोडली.

मात्र वेढ्याची आठवण सर्वस्वी निराधार नव्हती. इ. स. ८६० च्या जून महिन्यांत सुमारें दोनशें नौकांचें एक आरमार अचानक कॉन्स्टँटिनोपलसमोर येऊन उभें राहिलें. सम्राट शहराबाहेर होता. उपनगरें लुटलीं गेलीं. धर्माध्यक्ष फोटियस यानें त्या भयंकर दिवसांत दिलेलीं दोन प्रवचनें आज उपलब्ध आहेत. देवमातेचें वस्त्र तटावरून मिरवीत नेलें आणि त्यानंतर शत्रु निघून गेला, असें तो त्यांत सांगतो. तें वस्त्र समुद्राच्या पाण्यांत बुडविलें आणि वादळ उठून नौका फुटल्या, अशी भर पुढच्या इतिहासकारांनीं घातली.

आतां हे हल्लेखोर कोण होते? ते होते ‘रूस’, म्हणजे नीपर नदीच्या मार्गानें आलेले लोक. कीव्ह येथें लिहिल्या गेलेल्या प्राचीन बखरींत या स्वारीचें श्रेय आस्कोल्ड आणि दीर या कीव्हच्या दोघां सरदारांना दिलेलें आहे, आणि वस्त्राची व वादळाची गोष्टहि तींत आहे. ज्या पांघरुणानें एका शहराचें रक्षण केलें, त्या पांघरुणाबाहेर समुद्रावर गटांगळ्या खाणारे लोक हे कीव्हचे होते. या लोकांनीं ९८८ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ग्रीकांचे ग्रंथ आपल्या भाषेंत आणले, आणि त्या ग्रंथांबरोबर अंद्रेयाचें चरित्रहि आणलें. ग्रीकांनीं या दर्शनाचा स्वतंत्र सण कधीं पाळला नव्हता. तो पाळला पराभूतांच्या वंशजांनीं. बाराव्या शतकांत, १ ऑक्टोबर या तारखेला, हा सण रूस देशांत सुरू झाला. तो प्रथम कीव्हमध्यें कीं उत्तरेकडील व्लादिमिर येथें, याबद्दल विद्वानांत वाद आहे. उत्तरेकडे नेर्ल नदीच्या कांठीं अंद्रेय बोगोल्यूब्स्की या राजानें बांधलेलें पोक्रोवाचें सुंदर देऊळ आजहि उभें आहे. याच राजानें धाडलेल्या सैन्यानें ११६९ सालीं कीव्ह शहर लुटलें आणि तेथील देवळेंहि सोडलीं नाहींत! ग्रीस देशाच्या धर्मसंस्थेनें १९५२ सालीं हा सण २८ ऑक्टोबरला, म्हणजे १९४० सालीं इटलीची मागणी धुडकावून लावल्याच्या राष्ट्रीय दिवशीं, नेऊन ठेवला. रक्षणाचा सण राष्ट्ररक्षणाच्या दिवसाला चिकटतो, याचें हें एक उदाहरण झालें. दुसरें युक्रेनमध्येंच पुढें दिसेल.

युक्रेनमध्यें पोक्रोवाच्या नांवानें असंख्य देवळें बांधलीं गेलीं. पश्चिमेकडील सुत्किव्ह्‌त्सी गांवांतलें पंधराव्या शतकांतील देऊळ पाहिलें म्हणजे हें देऊळ कीं गढी असा प्रश्न पडतो. चारी बाजूंना बुरुजासारखे गोल भाग, आणि वरच्या मजल्यावर भिंतींतून बाणांसाठीं व बंदुकांसाठीं ठेवलेल्या जंग्या. तार्तरांच्या धाडी येत तेव्हां अशा देवळांत प्रार्थना आणि बचाव हीं दोन्हीं एकाच छपराखालीं होत. खार्कीव्ह शहरांतील १६८९ सालचें पोक्रोवाचें देऊळ हें त्या शहरांतील सर्वांत जुनें दगडविटांचें बांधकाम समजतात. कीव्हच्या पोदील भागांतील देऊळ अठराव्या शतकांत इवान ह्रिहोरोविच-बार्स्की या नामांकित शिल्पकारानें बांधलें.

सणाच्या चित्रांतहि एक गंमतीचा फरक पडत गेला. जुन्या पद्धतीच्या चित्रांत देवमाता ढगांवर उभी असते, वस्त्र वर धरलेलें असतें आणि खालीं मधोमध हातांत गुंडाळी घेतलेला एक तरुण गायक दिसतो. हा सहाव्या शतकांतील स्तोत्रकार रोमानोस. अंद्रेयाच्या काळाशीं त्याचा संबंध नाहीं; त्याचा स्मृतिदिन १ ऑक्टोबरलाच पडतो, म्हणून चित्रकारांनीं त्याला तेथें आणून उभा केला. पुढें पश्चिम युरोपांतील पद्धतीचा परिणाम होऊन देवमातेच्या अंगावरील प्रशस्त झग्याच्या दोन्ही पाखांखालीं माणसें गोळा झालेलीं दाखवूं लागले. आणि युक्रेनच्या चित्रकारांनीं त्या माणसांत आपल्या ओळखीचे चेहरे घातले. कीव्ह प्रांतांतील देश्की गांवच्या अठराव्या शतकांतील चित्रांत या पदराखालीं कोसॅकांचा पुढारी बोहदान ख्मेल्नित्स्की उभा आहे. राजा आणि धर्माध्यक्ष यांच्या बरोबरीनें झुपकेदार मिशांचा, मुंडण करून शेंडी राखलेला कोसॅकहि त्या वस्त्राखालीं येऊन उभा राहिला.

देवळांतून बाहेर पडून शेतावर आलें म्हणजे सणाचें दुसरेंच रूप दिसतें. जुन्या पंचांगाप्रमाणें १ ऑक्टोबरला येणारा हा दिवस विसाव्या शतकांत नव्या पंचांगाच्या १४ ऑक्टोबरला येत असे. या सुमारास युक्रेनमधील शेतकऱ्याचें वर्ष मिटतें. राय आणि गहूं यांची हिवाळी पेरणी तोंपर्यंत आटोपली पाहिजे. गुरें माळावरून गोठ्यांत येतात, गुराख्याचा हंगाम संपतो, मधमाश्यांचीं पोळीं थंडीपासून सुरक्षित जागीं हलवितात. मातीच्या भिंतींचीं, चुन्यानें सारवलेलीं तीं घरें. त्यांच्या भिंतींना बाहेरून पेंढा आणि मक्याचीं ताटें रचून उबदार कुंपण करण्याची चाल होती. स्वतः निजण्याआधीं घराला पांघरूण घालावयाचें, असाच तो प्रकार.

लोक म्हणत कीं पोक्रोवा जमिनीला झांकते, कधीं पानांनीं, कधीं बर्फानें. या म्हणण्यांत शेतकऱ्याचा अनुभव आहे. हिवाळी धान्याचे कोंब ऑक्टोबरांत बोटभर वर आलेले असतात. पुढें कडाक्याची थंडी पडली आणि जमीन उघडी असली तर ते जळून जातात. पण वर बर्फाचा जाड थर असला तर त्या थरांत कोंडलेल्या हवेमुळें खालची जमीन फारशी गारठत नाहीं आणि कोंब वसंतापर्यंत जगतात. ज्याला शहरांतील माणूस थंडी म्हणतो तें शेतकऱ्याच्या दृष्टीनें गोधडीसारखें असतें. म्हणून त्या दिवसाच्या हवेकडे सर्वांचे डोळे लागलेले असत. वारा उत्तरेचा सुटला तर हिवाळा कडक, दक्षिणेचा सुटला तर सौम्य. क्रौंच पक्ष्यांचे थवे त्या दिवसापूर्वींच निघून गेले तर थंडी लवकर येणार. असे ठोकताळे घरोघरीं सांगत. त्याच सुमारास मोठ्या जत्रा भरत. खार्कीव्हला वर्षांतून चार मोठ्या जत्रा होत, त्यांपैकीं एक पोक्रोवाची. धान्य घरांत आलेलें असे, हातांत चार पैसे असत, आणि घरांत उपवर मुलगी असली तर तिच्या लग्नाचा विचार करावयास सवड सांपडे.

पोक्रोवापासून लग्नसराई सुरू होई. नोव्हेंबरच्या अखेरीस नाताळापूर्वींचा उपास लागे, आणि त्या उपासांत लग्नें होत नसत. त्यामुळें मधले सुमारें सहा आठवडेच काय ते हातांत असत. त्या दिवशीं पहांटे मुली देवळांत जात आणि मेणबत्ती लावून मनांतल्या मनांत देवमातेला विनवीत, कीं बाई, तूं जशी पृथ्वीला झांकतेस तसें माझेंहि डोकें झांक. जिची मेणबत्ती आधीं लागली तिचें लग्न आधीं, असेंहि मानीत. डोकें झांकणें म्हणजे लग्न होणें, हें समजल्याशिवाय या विनवणीचा अर्थ लागत नाहीं. कुमारिकेची वेणी उघडी असे. तिच्यावर फुलांचा मुकुट, रंगीत फिती. विवाहितेनें मात्र केस टोपींत आणि रुमालांत झांकलेच पाहिजेत, नाहींतर घरावर अरिष्ट येतें, पीक बुडतें, असा समज होता.

मागणी घालावयास ‘स्वाती’ म्हणजे मध्यस्थ येत. ते उघड बोलत नसत. आपण शिकारी आहों, एका सुंदर जनावराचा माग काढीत येथवर आलों, आमच्या राजपुत्राला तेंच हवें आहे, असें लांबण लावून बोलावयाचें. घरच्यांनींहि कांहींच न समजल्यासारखें ऐकावयाचें. आणि मुलीनें चुलीजवळ उभें राहून नखानें चुलीची माती खरवडावयाची. तिला पसंत असेल तर ती स्वतः भरलेले कशिद्याचे लांब रुमाल आणून मध्यस्थांच्या खांद्यांवर आडवे बांधी. पसंत नसेल तर त्यांच्या हातांत भोपळा दिला जाई! भोपळा मिळाला म्हणजे काय झालें हें मराठी माणसाला निराळें समजावून सांगावयास नको. मुलीच्या इच्छेला त्या समाजांत किती मान होता हें त्या भोपळ्यावरून दिसतें.

लग्नांतला सर्वांत हृद्य विधि हा डोकें झांकण्याचाच. कणीक तिंबण्याच्या लाकडी पात्रावर उलटें केलेलें लोंकरीचें कातडें घालून त्यावर वधूला बसवीत. तिचा भाऊ येऊन तिची वेणी सोडी. मग विवाहित बायका तिच्या केसांवर टोपी चढवूं लागत, आणि ती दोन वेळां ती टोपी काढून फेंकून देई. तिसऱ्या वेळीं मात्र ती मान खालीं घाली. बायका गात, मुली रडत, आणि एक मुलगी स्त्रियांच्या पंगतींत जाई. हा नुसता खेळ आहे हें सर्वांना ठाऊक असे. तरी त्या दोन वेळच्या नकारांत मोकळेपणाचा जो निरोप असे, तो कोणाला खोटा वाटत नसे.

आतां याच चालीची दुसरी बाजू. एखाद्या मुलीला लग्नाशिवाय मूल झालें तर गांवांतल्या वडील बायका तिच्याकडे जात, तिची वेणी सोडीत किंवा कापीत, आणि तिच्या डोक्याला रुमाल बांधीत. विधि तोच, रुमालहि तसाच. पण मध्यस्थ नाहींत, भावाचा हात नाहीं, गाणें नाहीं, नवरा नाहीं. अशा मुलीला ‘पोक्रीत्का’, म्हणजे झांकलेली, असें म्हणत. कुमारिकांच्या मेळ्यांत तिला जागा उरत नसे आणि सवाष्णींतहि तिला कोणी बसवीत नसे. युक्रेनचा महाकवि तारास शेवचेंको स्वतः भूदास म्हणून जन्मला होता. त्यानें आपल्या तरुणपणीं लिहिलेलें ‘कातेरीना’ हें काव्य अशाच एका मुलीची कथा आहे. रशियन लष्करांतील माणूस तिला फसवून जातो, आईबाप तिला घराबाहेर काढतात, आणि ती मुलाला घेऊन बर्फांतून त्याला शोधीत फिरते. १८४० सालीं निघालेल्या त्याच्या ‘कोब्झार’ या पहिल्या संग्रहांत हें काव्य आहे, आणि त्या भाषेच्या आधुनिक वाङ्‌मयाचा पाया ज्या पुस्तकानें घातला त्यांत एका पोक्रीत्केला नायिकेचें स्थान मिळालें, ही गोष्ट लहान नव्हे. जो पदर सर्वांवर पसरल्याची कथा देवळांत सांगितली जाई, तो गांवानें तिच्यापुरता आंखडता घेतला होता. कवीनें तो तिच्यावर घातला.

या सणाला राष्ट्रीय स्वरूप आलें तें झापोरोझ्येच्या कोसॅकांमुळें. नीपर नदीच्या धबधब्यांखालच्या बेटांवर त्यांची ‘सिच’ नांवाची तटबंद वसाहत होती. तेथें स्त्रियांना प्रवेश नव्हता; स्त्रीला आंत आणणाऱ्यास देहान्त शिक्षा असे. आणि अशा त्या पुरुषांच्या छावणीच्या मध्यावर देऊळ होतें तें देवमातेच्या शिरोवस्त्राचें! ज्यांनीं आई मागें सोडली होती त्यांना तिच्या पदराची गरज अधिक वाटत असली पाहिजे. कोसॅकांचे इतिहासकार द्मित्रो यावोर्नित्स्की यांनीं लिहिल्याप्रमाणें त्यांची सर्वसाधारण सभा ठराविक दिवशीं भरे, आणि त्या दिवसांत पोक्रोवाचा दिवस होता. सभेंत मुख्य निवडला जाई, आणि नालायक ठरलेल्यास उतरविलेंहि जाई.

१७७५ सालच्या जून महिन्यांत, तुर्कांविरुद्धच्या युद्धांत कोसॅकांनीं रशियाला मदत करून एक वर्षहि लोटलें नव्हतें तोंच, सम्राज्ञी दुसरी कॅथराइन हिच्या हुकुमानें रशियन सैन्यानें सिचला वेढा घालून ती मोडून टाकली. शेवटचा मुख्य पेत्रो काल्निशेव्स्की हा तेव्हां ऐंशीच्या पुढें गेलेला होता. त्याला श्वेत समुद्रांतील सोलोव्हकी बेटावरच्या मठांत कोंडण्यांत आलें. पंचवीस वर्षांनीं, १८०१ सालीं, त्याला माफी मिळाली. पण तो परत आला नाहीं आणि १८०३ सालीं तेथेंच वारला. जे कोसॅक निसटले ते डॅन्यूब नदीच्या मुखाशीं तुर्की हद्दींत गेले, आणि तेथें त्यांनीं नवी सिच वसविली तेव्हां देऊळ बांधलें तें पोक्रोवाचेंच. ज्यांना पुढें कुबान नदीकडे धाडलें त्यांनींहि तामान येथें पहिलें देऊळ याच नांवानें उभारलें. राज्य गेलें, जमीन गेली, पण सण त्यांच्याबरोबर चालत गेला.

विसाव्या शतकांत या सणाला फार कठीण दिवस आले. सोव्हिएट राजवटींत १९३० नंतरच्या काळांत देवळें बंद झालीं, पाडलीं गेलीं. सण घराच्या भिंतींआड आणि म्हाताऱ्या बायकांच्या तोंडीं उरला. दुसऱ्या महायुद्धांत युक्रेनियन बंडखोर सेना या नांवानें लढलेल्या संघटनेनें आपल्या स्थापनेचा दिवस म्हणून १४ ऑक्टोबर १९४२, म्हणजे पोक्रोवाचा दिवस, सांगितला. ही सेना जर्मन आणि सोव्हिएट या दोघांशींहि लढली, म्हणून युक्रेनमध्यें पुष्कळजण तिला मान देतात. परंतु तिच्याच लोकांनीं १९४३ सालीं व्होलिन प्रांतांत हजारों निरपराध पोलिश गांवकऱ्यांची, बायकामुलांसह, कत्तल केली, ही गोष्ट इतिहासांतून पुसतां येत नाहीं. त्या कत्तलीचें दुःख पोलंडमध्यें आजहि ताजें आहे. पांघरुणाचें नांव घेणाऱ्यांनीं शेजाऱ्याला उघड्यावर टाकल्याची याहून कडू आठवण या सणाच्या इतिहासांत नाहीं. आणि सणाचा गौरव करतांना ती लपविणें हा त्या सणाचाच अवमान होय.

१९९१ सालीं युक्रेन स्वतंत्र झाला. त्यानंतरहि पितृभूमीच्या रक्षकांचा दिवस म्हणून सोव्हिएट काळांतील २३ फेब्रुवारी हाच दिवस पाळला जात होता. २०१४ सालीं रशियानें क्रिमिया घेतला आणि पूर्वेकडे युद्ध सुरू झालें, तेव्हां राष्ट्राध्यक्ष पोरोशेंको यांनीं त्या वर्षींच्या १४ ऑक्टोबरला फर्मान काढून तो जुना दिवस रद्द केला आणि पोक्रोवाचा दिवस हाच देशाच्या रक्षकांचा दिवस ठरविला. २०१५ पासून ती सार्वजनिक सुटी झाली. २०२१ सालीं कायद्यानें त्या दिवसाचें नांव बदलून त्यांत रक्षक पुरुषांबरोबर रक्षक स्त्रियांचाहि स्पष्ट उल्लेख करण्यांत आला. ज्या सिचमध्यें स्त्रीला पाऊल टाकण्याची बंदी होती, तिच्या सणाच्या नांवांत सैनिक स्त्री आली, हा बदल लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें अनेक बाजूंनीं स्वारी केली. त्यानंतर २०२३ च्या १ सप्टेंबरपासून युक्रेनची स्वतंत्र ऑर्थोडॉक्स धर्मसंस्था आणि ग्रीक-कॅथलिक धर्मसंस्था या दोघींनीं स्थिर सणांसाठीं नवें पंचांग स्वीकारलें, आणि सरकारनेंहि कायदा करून रक्षकांचा दिवस १ ऑक्टोबरला आणला. मॉस्कोशीं परंपरेनें जोडलेली दुसरी ऑर्थोडॉक्स धर्मसंस्था मात्र १४ ऑक्टोबरलाच चिकटून राहिली. त्यामुळें एकाच गांवांत दोन देवळांत एकच सण तेरा दिवसांच्या अंतरानें होऊं लागला. म्हाताऱ्यांची अडचण निराळी. सण तेरा दिवस आधीं आला. पण पानें, वारा आणि क्रौंच पक्षी यांना हा कायदा कोण सांगणार? वस्तुतः जुनें पंचांग ऋतूंच्या मागें हळूहळू पडतच होतें. अठराव्या शतकांत तें अकरा दिवसांनीं मागें होतें, विसाव्यांत तेरा. ठोकताळे पूर्वींहि सरकत आले आहेत आणि पुढेंहि माणसें ते आपल्या सोयीनें बसवून घेतील.

१९५० नंतरच्या दशकांत काखोव्का येथें नीपर नदीला धरण घालण्यांत आलें, तेव्हां शेवटच्या सिचच्या परिसराचा मोठा भाग पाण्याखालीं गेला होता. ६ जून २०२३ रोजीं तें धरण युद्धांत फुटलें, पाणी ओसरलें, आणि अनेक दशकें झांकलेली ती जमीन पुन्हां उन्हांत आली. त्याच नदीच्या कांठानें गेलीं कांहीं वर्षें स्त्रिया आणि मुलें सामानाचीं गांठोडीं घेऊन पश्चिमेकडे गेलीं आहेत. पोक्रोव्स्क शहरांतील बहुतेक रहिवाशांनाहि घरेंदारें सोडावीं लागलीं. लष्करी कायदा चालू असल्यामुळें २०२२ पासून या सणाची सुटीहि राहिलेली नाहीं; लोक देवळांत जाऊन मेणबत्ती लावतात आणि कामावर परत जातात. अविवाहित मुली पूर्वीं या दिवशीं आपल्या डोक्यावर रुमाल यावा म्हणून विनवीत. या युद्धाच्या वर्षांत तेथें मेणबत्ती लावणाऱ्या कित्येक बायका आघाडीवर असलेल्या माणसांवर पदर असावा म्हणून विनवीत आल्या आहेत.

ब्लाखेर्नीच्या मंदिरांतील त्या रात्रीच्या कथेंत देवमातेनें वस्त्र पसरतांना कोणाचें कुळ विचारलें नव्हतें, आणि तें दर्शन घडलें तें सम्राटाला किंवा धर्माध्यक्षाला न घडतां रस्त्यावर मार खाणाऱ्या एका परदेशी गुलामाला घडलें. पुढें शतकानुशतकें माणसांनीं त्या वस्त्राला किनारी लावल्या, आपलें आणि परक्यांचें असे त्याचे भाग केले. तरी मूळ कथा तशीच सांगितली जाते, आणि दरवर्षीं ती ऐकणाऱ्यांत कोणी तरी असा असतो कीं जो त्या वेळीं सर्वस्वी उघड्यावर असतो. त्याच्यासाठींच हा सण नऊशें वर्षें टिकला असावा.